ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या एका वीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. ती कॉलेजच्या आणि तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळते, चढाई करते. सोबत पोलीस भरतीचीही तयारी चालू आहे. सहा आठवड्यांपूर्वी मॅटवर चढाईतून परत फिरताना तिचा उजवा पाय जागीच रुतला, गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि रात्रीपर्यंत गुडघा टम्म फुगला. एक्स-रे साफ आला, म्हणून मुका मार समजून गावातच तेल लावून चोळून घेतलं. तीन आठवड्यांनी एसटीतून उतरताना गुडघा निसटला. मग एमआरआय झाला. त्यात एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली दिसली. एक सर्जन म्हणतात, याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. दुसरे म्हणतात, आधी व्यायाम कर, मग बघू. कबड्डीचे सर म्हणतात, विनेश फोगट वर्षभरात ऑलिंपिकच्या फायनलला गेली, तू कसली घाबरतेस? काका म्हणतात, आपल्या गावातला एकजण ऑपरेशन करून आला तो अजून लंगडतोय. आईला लग्नाच्या मुलीच्या गुडघ्यावर टाके नकोत आणि बाबा कर्ज काढायला निघालेत. तिचा प्रश्न असा: "ताई, ऑपरेशन करू की नको? केलं तर चार महिन्यांत भरतीला पळता येईल का? नाही केलं तर कायमची अधू होईन का?"

*

आधी एक काम कर. पलंगावर पाठीवर झोप, दोन्ही पाय सैल सोड आणि आईला बाजूने बघायला सांग. उजवा गुडघा डाव्याइतकाच सरळ होतो का? पत्रात तू सगळ्यांची मतं लिहिलीस, पण हे लिहायचं राहिलं, आणि मला सगळ्यात आधी तेच हवं होतं. गुडघा मध्येच अडकत असेल, काहीतरी आड आल्यासारखा सरळच होत नसेल, तर फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. तसं असेल तर पहिल्या सर्जनची घाई योग्य आहे. हे पत्र पुढे वाचत बसू नकोस, त्यांना फोन कर. गुडघा सरळ होत असेल, नुसता ताठ आणि थोडा सुजलेला असेल, तर तुझ्याकडे विचार करायला वेळ आहे. काही आठवड्यांचा, वर्षाचा नव्हे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करत नाही. त्यामुळे माझा कल व्यायामाकडे असणार, हे धरूनच माझं म्हणणं वाच. तुझा गुडघा मी हाताने तपासलेला नाही आणि एमआरआयच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत. शेवटचा निर्णय त्या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्याबरोबर बसून घ्यायचा.

चोळून घेतलं म्हणून स्वतःला किंवा घरच्यांना दोष देऊ नकोस. तुझं एसीएल तुटलं ते मॅटवर, त्या एका क्षणी. पण दुसऱ्या कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते. पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा पिळला, आवाज आला आणि काही तासांत सूज आली, तर तपासणीत नक्की होईपर्यंत लिगामेंटला इजा झाली असंच धरायचं. इतक्या झटपट येणारी सूज बहुतेक वेळा सांध्यात झालेल्या रक्तस्रावाची असते. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे साफ' याचा अर्थ 'काही झालं नाही' असा होत नाही. अशा गुडघ्याला पहिल्या दिवसांत बर्फ, दाबपट्टी आणि उशीवर उंच ठेवणं एवढं पुरतं. ओढणं, मोडणं, रगडणं नको. सूज थोडी उतरली की जाणत्या डॉक्टरला किंवा फिजिओला नुसत्या हाताने नडगी पुढे ओढून पाहिल्यावर एसीएलचा बराच अंदाज येतो. एमआरआय लागतो तो गादी, कूर्चा आणि बाकीच्या लिगामेंटचं काय झालंय ते पाहायला.

एसीएल असतं सांध्याच्या आत, अगदी मधोमध. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि वळताना पिळू नये, हे त्याचं काम. सरळ चालताना त्याची फार गरज पडत नाही. तू मध्यरेषेकडे परत फिरतेस, अचानक दिशा बदलतेस, एका पायावर उतरतेस, तेव्हा ते लागतं. म्हणून तर तू घरात व्यवस्थित चालत होतीस आणि एसटीच्या पायरीवरून पाय टाकून वळलीस तेव्हाच गुडघा निसटला. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट बऱ्याचदा आपापलं भरून येतं. एसीएलचं तसं नाही. ते सांध्याच्या पाण्यात असल्यामुळे तिथे रक्ताची गाठ टिकत नाही आणि तुटलेली टोकं सहसा नीट जुळत नाहीत. कधीच जुळत नाहीत असं आम्हाला शिकवलं होतं. आता वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा एमआरआय काढल्यावर काहींची जुळलेली दिसतात. पण तुझी जुळतील असं धरून मॅटवर उतरता येणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. 'ऑपरेशन करू की नको' असं तू विचारतेस, कारण घरात सगळे तसंच विचारतायत. त्यामागे एक समज आहे: ऑपरेशन हा खरा उपचार, आणि व्यायाम म्हणजे ज्यांना ऑपरेशन परवडत नाही त्यांच्यासाठीची तडजोड. तो समज जरा बाजूला ठेव. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं आणि पुढे व्यायाम दिला. बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांतल्या लोकांनी स्वतःच्या गुडघ्याला दिलेले गुण जवळपास सारखे निघाले. व्यायामवाल्या गटात दोन वर्षांत दहातल्या चौघांनी आणि पाच वर्षांत निम्म्यांनी नंतर ऑपरेशन करून घेतलं. पण उरलेल्या निम्म्यांना ते लागलंच नाही.

हे वाचून 'मग नकोच' असं ठरवू नकोस. त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते. आणि २०२२ साली ब्रिटनमधल्या ३१६ जणांच्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आला. त्यात दुखापत जुनी झालेले आणि गुडघा निसटत असलेले लोक होते, आणि ऑपरेशन केलेल्यांचे गुडघे जास्त चांगले राहिले. तुझी दुखापत ताजी आहे, पण गुडघा एकदा निसटलाय. म्हणजे तू या दोन अभ्यासांच्या मध्ये कुठेतरी आहेस. दोन चांगले डॉक्टर तुला दोन वेगळ्या गोष्टी सांगतात याचं कारण हे आहे. 'एकजण पैशासाठी सांगतो आणि दुसऱ्याला काही कळत नाही' हा काकांचा निष्कर्ष मला पटत नाही.

मग ठरवायचं कशावरून? गुडघा निसटतो का, गादीची अवस्था काय, आणि पुढे त्या गुडघ्याकडून काय काम करून घ्यायचंय यावरून. पैकी तिसऱ्या गोष्टीवर थोडं थांबू, कारण तिथे तू दोन वेगळी स्वप्नं एकाच गुडघ्यावर लादली आहेस असं मला वाटतं.

भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, सगळे मिळून ५० गुण. यातलं धावणं जवळपास सरळ रेषेतलं आहे. मांडी मजबूत असलेली आणि गादी शाबूत असलेली माणसं एसीएलशिवायही सरळ धावू शकतात, आणि काहीजण वर्षानुवर्षं धावतात. कबड्डीचं तसं नाही. समोरचीने कोपऱ्यातून घोटा धरला, तू सुटायला वळलीस, त्याच वेळी वरून दोघी आल्या, तर बिनाएसीएलच्या गुडघ्याने तिथे टिकणं फार अवघड. म्हणून आधी स्वतःला विचार: दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर कोणतं? याचं उत्तर सरांना देऊ नकोस, बाबांनाही नको. आधी एकटीने वहीत लिहून काढ. 'मला कबड्डी खेळायचीच आहे' हे उत्तर चुकीचं नाही आणि 'वर्दी मिळाली की कबड्डी सुटली तरी चालेल' हेही चुकीचं नाही. पण या दोन उत्तरांतून निघणारे उपचार वेगळे आहेत.

कबड्डी सोडायची तयारी असेल, गादीची फाट छोटी आणि स्थिर असेल, आणि आजपासून जपल्यावर गुडघा पुन्हा निसटला नाही, तर तीन महिने कसून व्यायाम करून पाहणं हा खराखुरा, सन्मानाचा पर्याय आहे. दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच असावं. तीन महिन्यांनी मांडीची ताकद मोजायची, उड्यांच्या चाचण्या करायच्या आणि मग ठरवायचं. मधल्या काळात वळणं, उड्या, खेळ बंद. गुडघा पुन्हा निसटू लागला तर वाट बघत राहायचं नाही, कारण प्रत्येक निसटण्यात गादी आणखी चिरू शकते, आणि वयाच्या चाळिशीत गुडघा कसा असेल हे बरंचसं गादीवर ठरतं.

कबड्डी खेळायचीच असेल तर मी ऑपरेशनच्या बाजूने आहे. वय वीस, खेळ वळणांचा, गुडघा निसटलेला आणि गादीही फाटलेली, असं सगळं एकत्र आल्यावर माझ्यासारखी व्यायामवालीही फार वाद घालत नाही. त्यातही गादीचा मुद्दा सगळ्यात मोठा. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. फाट तिथे असेल तर टाके घालून ती भरून येऊ शकते, पण फार उशीर केला तर तो तुकडा टाके घालण्यासारखा राहत नाही आणि कापून काढावा लागतो. म्हणून सर्जनला पहिला प्रश्न हा विचार: "गादीला टाके घालता येतील असं वाटतं का, आणि त्यासाठी किती थांबणं सुरक्षित आहे?" उत्तर 'टाके घालता येतील' असं आलं तर महिनोन्‌महिने चालढकल नको.

पण 'याच आठवड्यात' या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. गुडघा अडकलेला नसेल तर सुजलेल्या, ताठरलेल्या, मांडी झोपी गेलेल्या गुडघ्यावर घाईने एसीएलचं ऑपरेशन केलं की नंतर तो आखडून बसायची भीती वाढते. आधी सूज उतरू दे, गुडघा डाव्याइतका सरळ होऊ दे, आणि पाय सरळ ठेवून तो उचलताना गुडघा वाकणार नाही इतकी मांडी जागी होऊ दे. हे तू आजपासून घरी सुरू करू शकतेस. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्यामागची बाजू हळूहळू खाली सोडायची. मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर खेचायची, थोडं धरून सोडायची. असं दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी थोडं थोडं. सूज किंवा दुखणं वाढलं तर एक पाऊल मागे. कागदावर फार साधा दिसणारा व्यायाम आहे, आणि म्हणूनच मुली तो करत नाहीत.

आता चार महिन्यांचं बघू. चार महिन्यांत भरतीला पळता येईल, हे तुला कुणी सांगितलं ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. ऑपरेशनमध्ये तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत. तुझ्याच शरीरातला दुसरा स्नायूबंध घेऊन त्या जागी बसवतात. तो बहुतेक वेळा मांडीच्या मागून घेतात, कधी वाटीखालून, कधी वाटीच्या वरून. नव्या जागी त्याला रक्तपुरवठा व्हायला, तो लिगामेंटसारखा बनायला खूप महिने लागतात. गंमत म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सगळ्यात कच्चा असतो, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते आणि पोरगी म्हणते, मी झाले बरी. स्लॅब वरून टणक दिसला म्हणून कुणी सेंट्रिंग काढत नाही, तसं हे आहे.

साधारण चित्र असं असतं. पहिले काही आठवडे कुबड्या, सूज उतरवणं, गुडघा सरळ करणं. महिना-दीड महिन्यात जागेवरची सायकल. सूज नसेल आणि ताकद आली असेल तर तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत हळू धावायला सुरुवात. सुरुवात म्हणतेय मी, ८०० मीटरची वेळ लावणं नाही. पाच-सहा महिन्यांनी उड्या, मग दिशा बदलणं, मग एकटीने चढाईची हालचाल, मग कुणी हलकंच अंगाला लागणं. खरी पकड, खरा सामना नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि तुझ्या वयाच्या मुलीला मी वर्षाकडे ढकलेन. गादीला टाके पडले तर सुरुवातीचा टप्पा आणखी संथ होतो, कारण काही आठवडे पायावर भार आणि गुडघा वाकवणं दोन्ही मोजूनमापून. नऊ महिन्यांचा आकडा हवेतला नाही. ऑस्लोच्या एका अभ्यासात नऊ महिने होईपर्यंत खेळात परतणं जेवढं लांबवलं, तेवढा दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा दर जवळपास निम्म्याने घटत गेला. आणि पुन्हा दुखापत ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. खेळात परतलेल्या पंचविशीच्या आतल्यांमध्ये साधारण चार-पाच जणांमागे एकाला ती होते. पुष्कळदा दुसऱ्याच, धडधाकट गुडघ्याला.

तेव्हा कॅलेंडर बघायचंच, पण महिने भरले म्हणून खेळायचं नाही. उजव्या मांडीची ताकद डावीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली का, एका पायाची लांब उडी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी जाते का, उतरताना गुडघा आत कोलमडत नाही ना, आणि समोरची अंगावर येताना डोळ्यांत भीती दिसते का, हे सगळं पाहून ठरवायचं. भीती लपवणाऱ्या खेळाडू सरांना फार आवडतात. मला त्यांची काळजी वाटते.

विनेशचं उदाहरण सरांनी प्रेमानेच दिलं असेल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती पॅरिसला अंतिम फेरीपर्यंत पोचली, हे खरं आहे. पण तिचं दिवसभराचं काम कुस्ती हेच होतं, दिमतीला तज्ज्ञ होते. तुला सकाळी कॉलेज आहे, संध्याकाळी घरकाम आहे आणि फिजिओ तासाभराच्या एसटीवर आहे. ऋषभ पंतचा अपघात २०२२ च्या ३० डिसेंबरला झाला आणि तो सामन्यात परतला थेट २०२४ च्या मार्चमध्ये. त्याच्या गुडघ्याची इजा तुझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती हे मान्य, पण सगळ्या सोयी हाताशी असून तो सव्वा वर्ष थांबला हेही सरांना सांग.

आणि काकांच्या त्या लंगडणाऱ्या माणसाला एकदा भेट. त्याला विचार, ऑपरेशननंतर किती महिने व्यायाम केलास? मी पैज लावत नाही, पण टाके निघाल्यावर तो पुन्हा कुठल्याच फिजिओकडे गेला नसावा असा माझा अंदाज आहे. पहिल्या महिन्यात गुडघा पूर्ण सरळ करून घेतला नाही तर माणूस लंगडतोच, सर्जनचा हात कितीही चांगला असो.

आईच्या टाक्यांबद्दल. हे दुर्बिणीचं ऑपरेशन असतं. दोन-तीन बारीक छिद्रं आणि स्नायूबंध काढायला एक छोटी चीर. खूण राहते, फिकट होते. पण मला वाटतं, आईच्या मनात खूण नाहीच. उद्या सासरी खाली बसून काम करता येईल का, रानात जाता येईल का, बाळंतपणात त्रास होईल का, हे ती विचारतेय आणि तिला शब्द 'टाके' एवढाच सापडला. तिला सांग की बाळंतपणाला याने अडत नाही. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं बहुतेकींना हळूहळू जमतं, पण त्याला महिने लागतात आणि गादी शिवली असेल तर पहिले चार-एक महिने खोल वाकणं बंदच. वाटीखालचा स्नायूबंध घेतला तर गुडघे टेकून बसताना पुढे दुखू शकतं. ज्या घरात स्वयंपाकापासून देवपूजेपर्यंत सगळं जमिनीवर चालतं, तिथे हा मुद्दा लहान नाही, तेव्हा स्नायूबंध कुठून घेणार हे ठरताना तो सर्जनच्या कानावर घाल.

मांडीमागचा घेणार असतील तर एक प्रश्न आवर्जून विचार. पंचविशीपर्यंतच्या ६१८ जणांवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मांडीमागच्या स्नायूबंधाला जोडून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक जादाचा पट्टा बसवला, तेव्हा नवीन लिगामेंट पुन्हा तुटण्याचं प्रमाण दोन वर्षांत ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. प्रत्येकीला तो लागतोच असं नाही. पण तरुण, वळणाचा खेळ आणि सैल सांधे असतील तर "माझ्या बाबतीत त्याचा विचार केलात का?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही. चांगला सर्जन अशा प्रश्नाने खूष होतो. चिडला तर तेही कळलं.

कर्जाचं. बाबांनी सहीआधी दोन गोष्टी कराव्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुझे रिपोर्ट आणि रेशनकार्ड घेऊन त्यांच्याकडे जावं आणि हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते विचारावं. दुसरं, खासगीत करायचं तर खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. त्यात स्क्रू आणि बटणांसारख्या इम्प्लांटची किंमत, गादी शिवायची वेळ आली तर वाढणारा खर्च, आणि ब्रेस, सगळं वेगळं लिहून घ्यावं. लोक सगळे पैसे ऑपरेशन टेबलावर संपवतात आणि पुढच्या नऊ महिन्यांच्या फिजिओसाठी हातात काही उरत नाही. मग गावातला तो माणूस तयार होतो. रोज शहरात जायची गरज नाही. पहिला महिना नेमाने जा, नंतर दोन आठवड्यांनी एकदा जाऊन पुढचे व्यायाम शिकून ये आणि घरी कर. गावात जिम असेल तर उत्तम, नसेल तर पायरी, भिंत, सायकल आणि वाळूची पिशवी यांच्यावर पहिले काही महिने नक्की निघतात. स्वतःच्याच रक्तापासून बनवलेली पीआरपीची इंजेक्शनं, 'लिगामेंट जोडणारं' चूर्ण, चुंबकाचा पट्टा यांच्यावर खर्च करू नका. तुटलेलं एसीएल यातलं काहीही जोडत नाही. औषधाच्या दुकानातली लवचिक नीकॅप घातली तर धीर येतो हे खरं, पण पिळणारा गुडघा ती रोखत नाही.

चार महिन्यांत पळता येणार नाही, म्हणजे भरतीचं एक वर्ष गेलं, मान्य. पण खुल्या प्रवर्गालाही वयाची अट २८ पर्यंत आहे आणि तू वीसची आहेस. लेखी परीक्षेचा अभ्यास बसूनच करायचा असतो. तुझी राज्यस्तराची क्रीडा प्रमाणपत्रं असतील तर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी त्यांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. हे कागद गोळा करायला कुबड्या आड येत नाहीत. धावणाऱ्या मुली सहसा हे शेवटच्या आठवड्यावर ठेवतात.

तुझ्या निमित्ताने इतर वाचकांसाठी थोडं. सगळी लिगामेंट एसीएलसारखी वागत नाहीत. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं, एमसीएल, एकटंच दुखावलं असेल तर बहुतेक वेळा ब्रेस आणि व्यायामाने काही आठवड्यांत भरून येतं. मागचं, पीसीएल, आपल्याकडे दुचाकीवरून पडून वाकलेला गुडघा पुढून आपटल्यावर जातं. तेही एकटं असेल तर बऱ्याचदा बिनाऑपरेशन सांभाळता येतं. बाहेरच्या बाजूचं किंवा एकाहून जास्त लिगामेंट गेलेली असतील तर मात्र लवकर तज्ज्ञ गाठा. अपघातानंतर गुडघा जागेवरून हललेला दिसला, पाऊल गार पडलं किंवा बधीर झालं, तर रक्तवाहिनीला इजा असू शकते. तिथे तास मोजायचे, दिवस नाही. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या ज्यांचं एसीएल गेलंय, पण गुडघा निसटत नाही आणि वळणाचा खेळ खेळायचा नाही, त्यांनी ऑपरेशनआधी व्यायामाला खरी संधी द्यावी. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी पुढे गुडघ्याची झीज होण्याची शक्यता वाढलेली राहते. ऑपरेशन ती झीज टळण्याची हमी देत नाही, म्हणून वजन आणि मांडीची ताकद आयुष्यभर सांभाळायची. आणि ऑपरेशननंतर ताप, जखमेतून पू, पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक धाप लागणं यांतलं काहीही झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, रुग्णालय गाठा.

तुझ्या सरांसाठीही एक निरोप आहे. त्यांना नाराज करण्याची तुला भीती वाटते, म्हणून माझं नाव सांगून वाचून दाखव. मुलींमध्ये एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त आढळते. उडी मारून नीट उतरणं, गुडघा आत न पडू देता थांबणं, मांडीमागची ताकद, एका पायावरचा तोल, एवढं वीस मिनिटं वॉर्मअपमध्ये नियमित घेतलं तर ती बरीच टाळता येते, असं मुलींच्या संघांवरच्या अनेक अभ्यासांतून दिसलंय. मैदानाला चार फेऱ्या मारायला लावणं म्हणजे वॉर्मअप नाही. तुझ्या संघातल्या बाकीच्या मुलींच्या गुडघ्यांसाठी सरांनी हे या आठवड्यापासून सुरू करावं. तू बाहेर बसून कोण कशी उतरते ते बघायचं काम घे. संघात राहशील आणि डोळाही तयार होईल.

घरी पुढचे दिवस काढताना जिना चढताना डावा पाय आधी टाक, उतरताना उजवा. एसटीच्या पायरीवरून उतरताना दांडी धर आणि पाय जमिनीवर टेकवून वळू नकोस, आधी दोन्ही पाय खाली, मग वळ. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची आत्ताच आणून ठेवा, ऑपरेशन होवो न होवो. स्कूटी सध्या नको. उजव्या पायावर अचानक भार देऊन तोल सावरायची वेळ आली तर गुडघा पुन्हा निसटेल.

आणि दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नकोस, एमआरआयची सीडी किंवा फिल्म ने. सोबत बाबांना ने. गादी शिवता येईल का, थांबलं तर काय बिघडेल, स्नायूबंध कुठून घेणार, आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात मला कोण तपासणार, एवढं वहीत लिहून ने आणि उत्तरंही तिथेच लिहून घे. शेवटच्या प्रश्नावर जो डॉक्टर नाव आणि वार सांगू शकेल, माझं मत त्याच्या बाजूने.